टोप उडाला तेव्हा: झगमगाटाचे अतरंगी सिनेमे कसे बघावेत

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर भिंतीला पांढरी चादर ताणून आम्ही सहाजण ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ बघत होतो. १९६७ चा हॉलिवूडपट. नाटक-सिनेमाच्या धंद्यात नशीब काढायला निघालेल्या तीन पोरी, त्यांना मिळालेलं नाव आणि नावाबरोबर मागं लागलेल्या गोळ्या. ‘डॉल्स’ म्हणजे त्या गोळ्याच. पुढं एका पार्टीत, बायकांच्या मेकअपच्या खोलीत, नवी नटी आणि जुनी नटी एकमेकींवर धावून जातात. नवी जुनीच्या केसांना हात घालते आणि अख्खा टोप हातात येतो. तो घेऊन ती थेट संडासात टाकायला पळते. आमच्यातले पाचजण गादीवर लोळले.

सहावी माझी आत्या. वय ७८. तरुणपणी फडांच्या आणि सिनेमाच्या कपड्यांवर टिकल्या लावून तिनं घर चालवलं. चष्मा सावरत ती म्हणाली, “टोप असा एका हिसक्यात निघतोय व्हय? डिंक लावलाच नव्हता मेल्यांनी.” तिकडं पडद्यावर जुन्या नटीला कुणीतरी मागच्या दारानं जायला सुचवतं. ती डोक्याला रुमाल बांधते आणि आली त्याच दारानं, मान ताठ ठेवून बाहेर पडते. आत्या हळूच म्हणाली, “ही खरी नटी.” माडीवर एकदम सामसूम.

पोट धरून हसायचं आणि मिनिटाभरात गप्प व्हायचं, ही गंमत ज्या सिनेमात सापडते त्याची चटक लागते. गेली सहा-सात वर्षं आम्ही महिन्यातून एकदा हा उद्योग करतो. नवीन येणारा प्रत्येकजण तेच ते प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

पायरी १: भिकार आणि अतरंगी यातला फरक ओळखा

या प्रकाराला इंग्रजीत ‘कॅम्प’ म्हणतात. तंबूशी किंवा एनसीसीशी त्याचा काही संबंध नाही. सुसान सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेनं १९६४ साली यावर ५८ टिपणांचा एक निबंध लिहिला. तिच्या म्हणण्याचा मला कळलेला अर्थ असा: करणाऱ्यानं अगदी मनापासून, गंभीरपणे केलेलं असतं, पण ते इतकं उतू जातं की बघणाऱ्याला गंभीर राहता येत नाही, आणि तरीही टाकवत नाही. आपल्याकडं यासाठी दोन शब्द तयारच आहेत: नाद खुळा. त्यात समोरच्याचं डोकं फिरलंय ही टिंगल आहे आणि त्याचा नाद खरा आहे ही कबुलीही. दुसऱ्या कुठल्या गावाला हे समजवायला अर्धा तास लागेल, कोल्हापूरकराला लागत नाही.

कसोटी सोपी आहे. सिनेमा बघताना कंटाळा आला तर तो नुसता भिकार. ज्यानं काढला तोही कंटाळलेलाच होता, हे दर फ्रेमला दिसतं. अतरंगी सिनेमात मात्र पैसा, घाम, शिवणकाम, गळा, सगळं ओतलेलं असतं. ‘शोगर्ल्स’ (१९९५) घ्या. सुमारे ४.५ कोटी डॉलर खर्चून काढलेला सिनेमा, दिग्दर्शक पॉल व्हर्होव्हन, म्हणजे ‘रोबोकॉप’ आणि ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ काढणारा माणूस. गल्लाभरू काम टाकून घरी जाणाऱ्यातला तो नव्हे. त्या सिनेमातला प्रत्येकजण असा वागतो की जणू त्याला पाठीमागून कुणी टाचणी टोचतंय. वर्षातल्या सगळ्यात वाईट कामाला मिळणारे रॅझी पुरस्कार त्याला ढिगानं मिळाले, आणि व्हर्होव्हननं आपल्या वाट्याचा स्वतः स्टेजवर जाऊन घेतला. थिएटरात आपटलेल्या त्या सिनेमानं पुढं व्हिडिओवर १० कोटी डॉलरच्या वर धंदा केला.

एक पोटभेद सांगून ठेवतो. काही सिनेमे आपण अतरंगी आहोत हे जाणून असतात आणि मधूनमधून डोळा मारतात. फराह खानचा ‘ओम शांती ओम’ (२००७) त्यातला. मजा येतेच. पण मला विचाराल तर तो पुण्या-मुंबईच्या हॉटेलात ‘कोल्हापुरी’ नावानं मिळणाऱ्या रश्श्यासारखा प्रकार. लाल आहे, तिखट आहे, सगळं आहे, पण वाटण कुणी पाट्यावर घातलेलं नाही. नकळत झालेल्या अतरंगीपणाची चव जास्त दिवस राहते.

पायरी २: नेमके नट-नट्यांचेच सिनेमे का, हे समजून घ्या

कारण धंदाच तसा आहे. पोलिसांवरच्या सिनेमात बाई पिसांचा मुकुट घालून जिना उतरली तर विचित्र दिसेल. नटीवरच्या सिनेमात ती उतरणारच. आरसा, मेकअपचं टेबल, दारावरचा तारा, पडद्यामागची भांडणं, पहिली टाळी, शेवटची बाटली, सगळं कथेतच बसतं. आणि मुख्य म्हणजे या सिनेमांना उपदेश करायचा असतो की झगमगाट वाईट, त्यानं माणूस संपतो. तो उपदेश ते दुप्पट झगमगाटात करतात. दारू वाईट हे सांगायला कुणी बार उघडावा तसं. हा विरोधाभास त्यांच्या लक्षात येत नाही, तिथंच आपली करमणूक.

कोल्हापूरकराला यात परकं काही नाही. बाबूराव पेंटरांनी इथं ‘सैरंध्री’ काढला, १९२० साली पडद्यावर आलेला तो कीचकवध इतका खरा वाटला की ते दृश्य कापावं लागलं. ‘प्रभात’ १९२९ मध्ये इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. जयप्रभा स्टुडिओचं नाव काढलं की आजही पेठेत कुणीतरी सांगतो, आमचे आजोबा मावळ्यांच्या गर्दीत होते, तिसऱ्या रांगेत. पडद्यामागं काय चालतं याची इथल्या घराघरांत थोडी का होईना खबर असते. बालगंधर्वांच्या भरजरी शालूंच्या आणि अत्तरांच्या कथा, आणि त्यापाठोपाठ त्यांच्या कर्जाच्या कथा, याच पिढ्यांनी चघळल्या. तेव्हा हॉलिवूडची नटी दिवाळखोर झाली म्हणून आपण दचकत नाही. आपण फक्त विचारतो, शालू कितीचा होता?

तमाशापटांनी तर आपल्याला याची बाराखडीच शिकवलीय. ‘पिंजरा’ (१९७२) हा ‘द ब्लू एंजल’ या १९३० च्या जर्मन सिनेमावर बेतलेला. आदर्श मास्तर फडाच्या नादी लागतो आणि मातीत जातो. नाव घेतलं म्हणून कुणी अंगावर येऊ नका. ‘पिंजरा’ कॅम्प आहे असं मी म्हणत नाही. तो ज्या रुळावरून जातो त्याच रुळावरून हॉलिवूडच्या या गाड्याही धावतात, इतकंच.

आणखी एक गोष्ट, जी बरेचजण गाळतात. अमेरिकेत हे सिनेमे पडल्यावर त्यांना उचलून धरलं ते मुख्यतः समलिंगी पुरुषांनी. ज्यांना आयुष्यभर बाहेर एक चेहरा आणि घरात दुसरा ठेवावा लागला, त्यांना मेकअप, टोप आणि उसनं अवसान यांची भाषा लगेच कळली. ते नटीला हसत होते आणि तिच्यात स्वतःला बघतही होते. आपल्याकडं गवळणीतली मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष, तिला बघून पिढ्यान्‌पिढ्या लोक हसले. त्याच नाच्याचं घरी काय होतं ते ‘नटरंग’नं (२०१०) दाखवलं, आणि त्यातला गुणा तर आपल्या कागलचाच. हे दोन्ही डोक्यात ठेवून बसलात तर हसण्याची जात बदलते.

पायरी ३: क्रम चुकवू नका

बहुतेकांचा घोळ इथं होतो. कुणीतरी थेट ‘शोगर्ल्स’ लावतं, अर्धे लोक अवघडतात, उरलेले मोबाइल काढतात, संपलं.

सुरुवात ‘डिस्को डान्सर’नं (१९८२) करा. भाषेची अडचण नाही, गाणी तोंडपाठ, मिथुनची कंबर चालू. गल्लीत गाणारा पोरगा डिस्कोचा राजा होतो, शत्रू त्याच्या गिटारमध्ये वीज सोडतात, पोराला वाचवताना आई मरते, आणि मग राजाला गिटारचीच धास्ती बसते. हे लिहितानासुद्धा मला हसू येतंय, पण सिनेमात कुणीही हसत नाही. सोव्हिएत संघात या सिनेमाची ६ कोटींच्या वर तिकिटं खपली. म्हणजे तुम्ही एकटे वेडे नाही.

दुसऱ्या महिन्यात ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’. हा या सगळ्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणा किंवा मूळ बाई. वरवर बघता सगळं देखणं, केस गगनाला भिडलेले, आणि संवाद असे की माणसं बोलत नाहीत, घोषणा करतात. याची एक जोडगोष्ट बसण्याआधी सांगा. टोप उडतो त्या जुन्या नटीच्या भूमिकेसाठी आधी ज्युडी गार्लंड या गाजलेल्या नटी-गायिकेला घेतलं होतं, आणि चित्रीकरणात तिला काढून सुझन हेवर्डला आणलं. गार्लंड स्वतःच गोळ्यांनी पोखरलेली. जाताना तिनं तिच्यासाठी शिवलेला टिकल्यांचा पोशाख मात्र नेला आणि पुढं तो स्वतःच्या कार्यक्रमांत घातला. हे ऐकून आत्या म्हणाली, “बरं केलं. टिकल्या लावणारणीचं पुण्य तरी लागलं.”

तिसरा ‘मॉमी डिअरेस्ट’ (१९८१). फे डनवे ही कसलेली नटी, जोन क्रॉफर्ड या दुसऱ्या कसलेल्या नटीची भूमिका करते, आणि भुवयांपासून गळ्याच्या शिरांपर्यंत सगळं पणाला लावते. कपाटात तारेचा हँगर दिसला म्हणून मध्यरात्री जो थयथयाट होतो तो जगप्रसिद्ध आहे. लोक हँगर घेऊन थिएटरात यायला लागले तेव्हा स्टुडिओनंच जाहिरात बदलून त्या हँगरचं भांडवल केलं.

‘शोगर्ल्स’ चौथा. फक्त मोठ्यांसाठी, आणि हे गंमतीनं म्हणत नाही. अमेरिकेत त्याला एनसी-१७ प्रमाणपत्र होतं. घरातली पोरं झोपल्यावरच. आत्याला आम्ही बोलावलं नव्हतं. नंतर कळलं तेव्हा आठवडाभर फुगून बसली.

इथवर आलात की पुढची वाट तुमची तुम्हाला सापडेल. ‘फँटम ऑफ द पॅरडाइज’ (१९७४) मात्र सुटू देऊ नका. रॉक संगीताच्या धंद्यावरचा हा सिनेमा जवळपास सगळीकडं पडला, पण कॅनडातल्या विनिपेग या एका गावानं तो महिनोन्‌महिने चालवला. बाकीचं जग काय म्हणतंय याची पर्वा न करणारं गाव. ओळखीचं वाटतं ना?

पायरी ४: माणसं आणि मांडामांड

एकट्यानं बघू नका. चारपेक्षा कमी नको, आठपेक्षा जास्त नको. आठच्या वर गेलं की हळदी-कुंकू होतं. एकजण आधी बघितलेला हवा, पण त्यानं तोंड उघडायचं नाही. “आता बघ, आता बघ” म्हणणाऱ्याला आम्ही एकदा खाली पान आणायला पाठवलं आणि दाराला कडी लावली. ‘असं खऱ्यात होतं का’ विचारणारा माणूस सुरुवातीला टाळा. आणि ज्याला शिवणकाम, नाच, तबला, मेकअप, लाइटिंग यातलं काही हातानं येतं असा एक तरी माणूस असू द्या. आमच्या आत्यासारखा. बाकीचे विनोद करतात, तो माणूस बातमी देतो.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. किंकाळी फाटली तर मजा गेली. आम्ही पहिल्यांदा भाड्यानं आणलेल्या प्रोजेक्टरचा दिवा नेमका नायिकेच्या पदार्पणाला गेला आणि उरलेला सिनेमा सहाजणांनी एका लॅपटॉपवर, मांडीला मांडी लावून बघितला. तेव्हापासून टीव्ही तयार ठेवतो. सबटायटल चालूच ठेवा. संवाद वाचताना जास्त मजा येते, कारण नट काय म्हणतोय आणि चेहरा काय करतोय हे वेगवेगळं दिसतं.

इंग्रजी सिनेमाला मध्यांतर नसतं, आपण घालायचं. तासाभरानं, कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत द्यायला हात उचलला की थांबवा. हात वर असतानाच. चहा होईपर्यंत तो हात पडद्यावर तसाच राहू द्या.

खायला भडंग. मिसळ नको, रिमोटला तेल लागतं. भडंगाचा आवाज होतो ही तक्रार रास्त आहे, पण या सिनेमांना तो सोसतो. संपल्यावर पाय मोकळे करायला गंगावेशीत जाऊन ताजं दूध. आमची खरी चर्चा तिथंच होते, कट्ट्यावर, हातात ग्लास आणि ओठावर फेस.

पायरी ५: डोळे कुठं ठेवायचे

पहिल्या वेळी कथा बघू नका, ती तुम्हाला ठाऊकच आहे. पोरगी येते, चढते, पडते. त्याऐवजी एकच गोष्ट धरा. मी केस धरतो. ‘व्हॅली’त प्रसंगागणिक केस बदलतात आणि दुःख जितकं मोठं तितका अंबाडा उंच. आमचा एक मित्र फक्त आरसे मोजतो.

सिनेमाच्या आतला स्टेज शो कधी चुकवू नका. ‘शोगर्ल्स’मध्ये लास व्हेगासच्या हॉटेलातला एक कार्यक्रम आहे, त्यात स्टेजवर ज्वालामुखी फुटतो आणि त्यातून नर्तकी बाहेर येते. प्रत्यक्षात याला तिकीट काढून कोण बसेल असा प्रश्न पडतो, आणि पुढच्या क्षणाला वाटतं, आपण बसलो असतो. छोट्या जागाही बघा. त्यातली नायिका नोमी महागातला ड्रेस घेते आणि व्हर्साचे या नावाचा उच्चार साफ चुकवते, मोठ्या ऐटीत. पहिल्यांदा हसलो. मग आठवलं, मुंबईला पहिल्यांदा गेल्यावर एका हॉटेलात मेनूतलं एक नाव मी असंच ठणकावून चुकीचं म्हटलं होतं, आणि वेटरनं इतक्या सभ्यपणे दुरुस्त केलं की अजून कान गरम होतात. नोमी झालेल्या एलिझाबेथ बर्कलीला त्या भूमिकेनं किती शिव्या खाव्या लागल्या हे माहीत असेल तर ती पोरगी प्रत्येक वाक्य जीव खाऊन का म्हणते ते दुसऱ्या वेळी दिसतं. दिग्दर्शकानं तसंच सांगितलं होतं, असं त्यानं स्वतः नंतर कबूल केलंय.

ओरडा, शिट्ट्या वाजवा. ज्या गावच्या टॉकीजमध्ये लावणीला पडद्यावर चिल्लर उडाली तिथं हे शिकवायची गरज नाही. फक्त नियम एक: नटाच्या शरीरावर शेरा नाही. कामावर, कपड्यावर, केसावर हवं ते बोला.

पायरी ६: हसू कुठं आवरायचं

‘शोगर्ल्स’च्या शेवटाकडं एका बाईवर सामूहिक बलात्कार होतो. ते दृश्य भयंकर आहे आणि सिनेमाला ते पेलत नाही. आम्ही सुरुवातीलाच सगळ्यांना सांगतो आणि तो भाग पुढं ढकलतो. ‘मॉमी डिअरेस्ट’ हा क्रॉफर्डच्या मुलीनं १९७८ साली लिहिलेल्या आठवणींवर आहे. हँगरच्या पलीकडं मार खाणारं पोर आहे. एका बैठकीत नेमक्या त्याच जागी एक मैत्रीण उठून गच्चीत गेली. तिला कुणी काही विचारलं नाही, चहा नेऊन दिला. ‘व्हॅली’तल्या तीन पोरींपैकी एक झालेली नटी शॅरन टेट दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, मारली गेली. ती पडद्यावर आली की आमच्याकडं आपोआप आवाज कमी होतो. हे कुणी ठरवलेलं नाही.

पायरी ७: मग आपल्या घरचं काढा

चार-पाच परदेशी झाले की आपल्याकडचं दिसायला लागतं. इथं जपून. व्ही. शांताराम मूळचे कोल्हापूरचे, आणि त्यांच्या ‘नवरंग’ला (१९५९) ज्येष्ठांसमोर ‘कॅम्प’ म्हणालात तर जेवायला मिळणार नाही. मी म्हणालो होतो. वडील दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

पण बघा एकदा. ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळी बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली, काही काळ पट्टी बांधून अंधारात काढावा लागला, आणि बाहेर आल्यावर त्यांनी सगळे रंग एकदमच पडद्यावर ओतले. होळीच्या गाण्यात नायिका संध्या पुढून बाई आहे, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला पुरुषाचा मुखवटा. वळली की बाप्या, फिरली की बाई, स्वतःच स्वतःला छेडते आणि स्वतःच लाजते. मधेच खराखुरा हत्ती नाचतो. बघताना आमची पोरं आधी ओरडली, मग हळूहळू गप्प झाली, कारण ती बाई खरंच नाचत होती.

आत्यानं मात्र हात वर करून थांबवायला सांगितलं. मागं घे म्हणाली. परत थांबव. परत मागं. तिसऱ्यांदा ती उठून चादरीजवळ गेली, तिची सावली अर्ध्या संध्यावर पडली, आणि बोटानं खांद्याजवळ दाखवत विचारलं, “पुढनं चोळी, मागनं अंगरखा. मग शिवण कुठं घेतलीया, काखेत का कडंला?”

सात मिनिटं झाली, आम्ही अजून तिथंच थांबलेलो होतो.